चौथीतली पांढरी खुर्ची

सोमवार, २ सप्टेंबर

शाळेला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होतात. बारा ऑक्टोबरला सुवर्णमहोत्सव. अशा वर्षी मुख्याध्यापकाने दैनंदिनी ठेवलेली बरी, म्हणजे उद्या शाळेचा इतिहास लिहिणाऱ्यावर अंदाजपंचे लिहायची वेळ येणार नाही. सौ.ला हा विचार सांगितला. ती म्हणाली, "लिहा. तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील." सौ. माझ्याच शाळेत चौथीला शिकवते. दिवसभर मला 'सर' म्हणते आणि त्याची भरपाई घरी करते.

इतिहासकारासाठी आकडे देऊन ठेवतो. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा मुलं होती एकशे वीस. आज चारशे एकोणतीस. अकरा वर्ग, प्रत्येकात चाळीस खुर्च्या. इतिहासकाराचं गणित बरं असेल तर तो विचारील, मग उरलेल्या अकरा खुर्च्या गेल्या कुठे? कुठेही गेल्या नाहीत. त्या रिकाम्या आहेत. आमची शाळा मिशनची आहे ती फाटकावरच्या क्रुसामुळे नाही, या अकरा खुर्च्यांमुळे आहे.

संस्थापिका मोठ्या बाईंनी चर्चच्या मागच्या खोलीत नऊ मुलं आणि दहा खुर्च्या घेऊन शाळा काढली. दहावी खुर्ची कशाला, असं लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी जे लिहून दिलं ते आजही ऑफिसात चौकटीत लावलेलं आहे: "प्रत्येक वर्गात एक खुर्ची रिकामी राहील. जे मूल अजून आलेलं नाही, त्याच्यासाठी." सकाळच्या उपासनेत सगळी मुलं एका सुरात म्हणतात, "प्रभू, जे मूल अजून आलेलं नाही त्याला वाट सापडू दे." चारशे एकोणतीस गळे. रोज अंगावर काटा येतो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

विश्वस्तांची बैठक. अध्यक्षांचा फरशांचा धंदा आहे, त्यामुळे त्यांना रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. म्हणाले, "सर, प्रतीक्षायादीत त्रेसष्ट मुलं आहेत आणि आपण अकरा खुर्च्या धूळ खात ठेवल्या आहेत. हे कुठलं शहाणपण?"

मी उभा राहिलो. शाळा वाढते तेव्हा तिचा आत्मा कसा पातळ होतो, यावर चाळीस मिनिटं बोललो. पाळकसाहेब दोनदा आमेन म्हणाले. दुसऱ्यांदा जरा लवकर म्हणाले. शेवटी अध्यक्षांनी हात जोडले. "ठेवा तुमच्या खुर्च्या, पण आता बसा."

जिंकलो. तरी घरी येताना मन थाऱ्यावर नव्हतं. इथे खरं लिहायला हरकत नाही. हल्ली उपासनेत डोळे मिटले की मी प्रार्थना करत नाही, डोकी मोजतो. माझ्या कारकिर्दीत शाळा मोठी झाली खरी, पण माझ्याच कारकिर्दीत ती इतर कुठल्याही शाळेसारखी झाली, असं कुणी पुढे म्हटलं तर? मोठ्या बाईंना मी कोणत्या तोंडाने उत्तर देऊ? त्या खुर्च्या एवढंच काय ते माझ्या हातात आहे. त्यांना धक्का लागू देणार नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

पूर्वसूचना न देता सगळ्या वर्गांतून फेरी मारली. जे पाहिलं ते असं: पाचवीत रिकाम्या खुर्चीवर दप्तरांचा ढीग. सातवीत गायनाच्या बाईंची पर्स आणि छत्री. आठवीत खुर्चीवर दोन पाय, आणि ते पाय गणिताच्या सरांचे. म्हणजे मी तिकडे बैठकीत घसा फोडतोय आणि इकडे घरचेच भेदी.

लगेच रंगाऱ्याला बोलावलं. अकराही खुर्च्या आज रात्रीतच पांढऱ्या रंगवायच्या, तीन हात. प्रत्येकीवर पाटी, 'कृपया बसू नये'. भोवती लाल दोरी. सौ.ला योजना ऐकवली. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि ज्याच्यासाठी ठेवली आहे ते मूल आलं, तर त्याने दोरीवरून उडी मारायची की खालून सरपटायचं?"

बायकोला विनोद केव्हा सुचेल याचा नेम नसतो.

अकरांपैकी चौथीतली खुर्ची मोठ्या बाईंच्या मूळ दहांतली, शाळेतली सगळ्यांत जुनी. तिला रंगाऱ्याने विशेष जपावं असं बजावलं. मी स्वतः याच शाळेचा विद्यार्थी, हेही इतिहासकाराला माहीत असावं. चौथीत असताना, अर्धं वर्ष सरल्यावर इथे आलो. आधीच्या शाळेशी माझे तात्त्विक मतभेद झाले होते. मी नऊ वर्षांचा होतो. इथे मला मुलांनी एक टोपणनाव ठेवलं होतं, ते या दैनंदिनीत येणार नाही. वर्ग भरलेला होता तरी मला बसायला जागा मिळाली, खिडकीजवळ, एवढं आठवतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

सकाळी लाँड्रीवाल्या बाई आल्या. आपल्या शाळेचे पडदे आणि गायकवृंदाचे झगे त्यांच्याकडेच धुवायला जातात. बरोबर नऊ वर्षांची भाची. मुलीची आई परगावी कामाला असते, ही मावशीकडे राहते. चौथीत प्रवेश हवा म्हणाल्या.

"आधी कुठे होती?" मी विचारलं.

"दोन शाळा झाल्या, सर. दोन्हींनी नाव काढलं. पोरगी वाईट नाही. तिला स्क्रू दिसला की राहवत नाही. पहिल्या शाळेत तिने बाईंच्या टेबलाचे स्क्रू काढले आणि नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब टेबलावर टेकले. दुसऱ्या शाळेत घंटा खोलली. परत बसवणार होती, पण कुणी थांबायला तयार नाही. चार महिने घरी आहे. दिवसभर माझ्या इस्त्र्या खोलून बसते."

मला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण वर्गात जागाच नाही तर मी काय करणार? चौथीत एकोणचाळीस मुलं, आणि चाळिसावी खुर्ची राखीव. बाईंनी खिडकीतून समोरच्या वर्गाकडे बोट केलं. "ती पांढरी खुर्ची रिकामी दिसते ना, सर?"

"ती राखीव आहे."

"कुणासाठी?"

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मोठ्या बाई, दहावी खुर्ची, अजून न आलेलं मूल, त्या मुलाची आपण पन्नास वर्षं पाहत असलेली वाट. वीसेक मिनिटं बोललो असेन. बाई इतक्या भारावल्या की त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मुलीचं नाव प्रतीक्षायादीत घातलं, चौसष्टावं. तसा कागद दिला. बाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि उठल्या.

त्या गेल्यावर खण उघडायला गेलो तर खणाची पितळी मूठ नाही. टेबलावर दोन स्क्रू शेजारी शेजारी नीट मांडलेले. एका परीने बरंच झालं म्हणायचं. कानाला खडा.

सौ. दारातच उभी होती, हजेरीपट घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे.

सोमवार, १६ सप्टेंबर

लेखनिकबाईंनी उपस्थितीचा तक्ता आणला. एकूण चारशे तीस. मी दाखवून दिलं की पटावरच चारशे एकोणतीस असताना चारशे तीस हजर राहू शकत नाहीत. गैरहजर राहता येतं, जादा हजर राहता येत नाही. त्या म्हणाल्या, "हो का? बेरजेत चूक झाली असेल." अठ्ठावीस वर्षं बेरीज चुकली नव्हती बाईंची. वय कुणाला चुकलंय? मी काही बोललो नाही.

सौ.ने आज सकाळी दोन डबे भरले. दोन्ही तिच्याच पिशवीत. उतारवयात भूक वाढते म्हणतात. यावरही काही बोललो नाही. बोललो असतो तर हे पान लिहायला उरलो नसतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

शाळा सुटल्यावर खुर्च्यांची साप्ताहिक पाहणी. दहा वर्गांत सगळं चोख. चौथीत खुर्ची जागेवर, पण दोरी नाही आणि पाटीही नाही. सौ.ला विचारलं.

"दोरी धुवायला दिली आहे. लाँड्रीत."

"आणि पाटी?"

"पाटीही."

टापटीप असावी तर अशी. इतर शिक्षकांना हे सुचलं नसतं. खुर्चीचा डावा पाय पूर्वी डुगडुगायचा, तोही आता पक्का बसलाय. शिवाय चौथीच्या कपाटाचं दार लागू लागलंय, खिडकीची कडी बसते आहे आणि फळा सरळ झालाय. आपण एक खुर्ची मनोभावे जपली की अख्खा वर्ग कसा सुधारतो, याचं हे जिवंत उदाहरण. भाषणात घ्यावं.

त्यानंतर अर्धा तास चष्मा शोधला. कपाळावर होता. सौ. म्हणाली, "काखेत कळसा, गावाला वळसा. एक दिवस हेच तुमच्या भाषणाला मथळा म्हणून द्या." चष्म्याएवढ्या गोष्टीला इतका मथळा कशाला?

मंगळवार, २४ सप्टेंबर

परवाच्या वर्तमानपत्रात आपल्या खुर्च्यांवर अर्धं पान आलं. फोटोत मी आणि सहावीची खुर्ची. मथळा, 'रिकाम्या खुर्चीची श्रीमंती'. (वार्ताहराला चौथीचीच दाखवणार होतो, पण लेखनिकबाई म्हणाल्या की तिकडे उजेड बरा येत नाही.)

परिणाम: दोन दिवसांत एक्केचाळीस नवे अर्ज. काल एक गृहस्थ आले. त्यांची गाडी फाटकातून आत येईना, म्हणून फाटक काढता येईल का असं त्यांनी विचारलं. मुलगा सध्या ज्या शाळेत आहे ती उत्तम आहे, पण त्यांना संस्कार हवे आहेत. "त्या खुर्चीच्या शेजारची जागा मिळाली तर फार बरं."

आणि अध्यक्ष! तेच अध्यक्ष, जे अठरा दिवसांपूर्वी खुर्च्या भरायला निघाले होते. पेपर घेऊन धावत आले. "सर, तुम्ही म्हणत होता ते खरं आहे. खुर्ची म्हणजे शाळेची ओळख. महोत्सवात चौथीची खुर्ची मंचावर ठेवू. काचेच्या पेटीत! काच मी देतो."

माझे डोळे पाणावले. माणूस बदलतो. फक्त धीर धरून त्याच्यापुढे बोलत राहावं लागतं.

सोमवार, ३० सप्टेंबर

काचेच्या पेटीसाठी सुतार माप घ्यायला आला. कमी बोलणारा आणि त्याहून कमी ऐकणारा माणूस. मला म्हणाला, "दार कुठल्या बाजूला ठेवू?"

"दार कशाला?"

"खुर्ची आहे ना आत?"

"हो."

"मग बसणारा आत जाणार कसा?"

याला आता कुठून सुरुवात करून सांगावं? चारी बाजू बंद कर, म्हणालो. कानामागची पेन्सिल काढून त्याने लिहून घेतलं.

दुपारी लाँड्रीवाल्या बाई मंचाचे पडदे घेऊन आल्या. लाल दोरीही आणली, चक्क इस्त्री करून. मला बघून त्यांनी हात जोडले. "सर, तुमचे उपकार कसे फेडू? पोरगी रोज हसत उठते हो." माझ्या मनात आलं, त्या दिवशी मी खुर्चीचा अर्थ समजावून सांगितला, तो बाईंनी घरी जाऊन पोरीला सांगितला असणार. शब्दांत ताकद असते. मी म्हणालो, "माझं कर्तव्यच होतं ते." शेजारी लेखनिकबाईंना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

रविवार, ६ ऑक्टोबर

पाळकसाहेबांनी उपासनेत प्रवचनात एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्याकडे पाहुणा यायचा होता. त्याने घर झाडलं, पुसलं, दिवे लावले, आणि मग पाहुणा येईपर्यंत कुणी घाण करू नये म्हणून बाहेरून कुलूप घालून पायरीवर राखण करत बसला. पाहुणा आला तेव्हा त्याने त्यालाही हाकललं.

गोष्ट छान होती. गणिताच्या सरांना चांगलीच लागू पडते. पाळकसाहेब मात्र सगळा वेळ माझ्याकडे बघून बोलत होते. समोर समजणारा श्रोता असला की वक्त्याचं असं होतं, मला अनुभव आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज उपासनेत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. "जे मूल अजून आलेलं नाही" या ओळीला चौथीचा वर्ग गप्प राहतो. बाकीचे दहा वर्ग म्हणतात आणि चौथीची मुलं हात जोडून शांत उभी. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. मी मुद्दाम डोळे उघडे ठेवून बघितलं.

सौ.ला चहाच्या वेळी म्हणालो, "तुझा वर्ग प्रार्थनेची ओळ गाळतो."

"लहान मुलं आहेत. त्यांना खोटं बोलता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा निवतोय."

परवा पेटी तयार होईल. भाषण पंचेचाळीस मिनिटांचं झालं आहे. का कोण जाणे, झोप मात्र लागत नाही. सगळं मनासारखं चाललंय आणि तरी खिसा चाचपताना काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आजची नोंद मोठी होईल. इतिहासकाराने हवं तर गाळावी. नको, गाळू नये.

साडेदहाला सुतार पेटी घेऊन आला. सुंदर पेटी. मी म्हणालो, चल, खुर्ची घेऊन येऊ. तास चालू होता, पण उद्याचा समारंभ, थांबायला वेळ नव्हता. सुतार पुढे, मी मागे. चौथीचं दार उघडलं.

पांढऱ्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. लाँड्रीवाल्या बाईंची भाची. पुढ्यात वही, वहीवर माझ्या खणाची पितळी मूठ, कागद उडू नये म्हणून ठेवलेली.

वर्ग उभा राहिला. तीही उभी राहिली. सौ. फळ्यापाशी खडू हातात धरून उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू गेले तीन आठवडे ती याच क्षणाची वाट बघत असावी.

मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "बाळ, या खुर्चीवर बसायचं नसतं."

"कधीपर्यंत?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ज्या मुलासाठी ती ठेवली आहे ते येईपर्यंत."

मॉनिटरने हात वर केला. "सर, ती आली. सोळा तारखेलाच आली. बाईंनी आम्हाला विचारलं, ही कोण असेल? आम्ही सांगितलं, हीच ती."

"कशावरून हीच ती?"

मॉनिटरने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "आधी आलेली नव्हती ना, सर."

मी सौ.कडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्हाला सांगणार होते. रोज सांगणार होते. तुम्ही बोलायचं थांबला नाहीत."

तेवढ्यात सुताराने, ज्याला या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं, खुर्ची उचलून नेण्यासाठी बाकावर उलटी टेकवली. वरून तीन हात पांढरा रंग, आणि खालची बाजू तशीच कोरी, जुनं लाकूड. रंगाऱ्याने खाली हात लावलाच नव्हता. त्यावर खिळ्याने कोरलेली नावं होती, एकाखाली एक.

"मला पाठ आहेत," मुलगी म्हणाली. "पाय पक्का करताना वाचली मी. टिंगू. मुकी. आगलाव्या. डावरी. रडूबाई. भोंगा. सर, भोंगा कोण असेल? त्याने सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलंय."

सौ. फळ्याकडे वळली आणि कोराच फळा पुसू लागली.

भोंगा मी. हेच ते नाव, जे इथे लिहिणार नव्हतो. आधीच्या शाळेने मला बोलण्यावरून काढलं होतं. तास चालू असताना, प्रार्थना चालू असताना, परीक्षा चालू असताना मी बोलायचो. दोन शाळांनी नकार दिल्यावर वडील मला मोठ्या बाईंकडे घेऊन आले. त्यांनी वडिलांना एकच प्रश्न विचारला होता: "याला दुसरं कुणी घेईल का?" वडील म्हणाले, नाही. "मग बसू दे." वर्गात जागा नव्हती असं मी पंचेचाळीस वर्षं धरून चाललो होतो. जागा होती. एकच होती, आणि तिच्यावर मी बसलो. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी स्वतः मला खिळा दिला. म्हणाल्या, खाली लिही, लोकांना दिसायची गरज नाही.

आणि त्याच खुर्चीला मी दोरी बांधली. पाटी लावली. काचेत घालायला निघालो होतो, दार नसलेल्या. मला लाज वाटली. इतकी की सुतारासमोर, मुलांसमोर डोळ्यांतून पाणी आलं आणि ते लपवायला चष्माही जागेवर नव्हता.

"भोंगा माझ्या ओळखीचा आहे," मी म्हणालो. "बरा मुलगा होता. तू बस." सुताराला सांगितलं, खुर्ची सरळ कर. त्याने केली. ती बसली आणि वहीत डोकं घालून पुढचं लिहू लागली, जसं काही झालंच नाही.

ऑफिसात आलो. लेखनिकबाईंनी न मागता चहा ठेवला. मी म्हणालो, "मोठ्या बाईंच्या वेळी खुर्ची किती दिवस रिकामी राहायची हो?"

"आठवडाभर. फार तर दोन. भरली की त्या सुताराकडून दुसरी करून घ्यायच्या. नऊ मुलांची शाळा एवढी वाढली कशी, सर? तुम्हाला काय वाटलं?"

मला वाटलं होतं, माझ्यामुळे. हे त्यांना सांगितलं नाही, इथे लिहितोय.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सुवर्णमहोत्सव पार पडला. मंचावर काचेची पेटी रिकामीच होती. अध्यक्षांनी ऐनवेळी तिच्यात फरशांचे नमुने मांडले आणि ते बरे दिसत होते.

माझं भाषण चार मिनिटांत आटोपलं. अध्यक्षांना वाटलं माइक बंद पडला. ते उठून तारा तपासू लागले. मी एवढंच सांगितलं की दोऱ्या काढल्या आहेत, पाट्या काढल्या आहेत, आणि चौथी सोडून दहा वर्गांत दहा खुर्च्या आहेत. यादीत आज एकशे पाच नावं आहेत. प्रत्येक पालकाला मी एकच प्रश्न विचारणार, आपल्या मुलाला दुसरी शाळा घेईल का? घेईल म्हणाले तर त्यांचं अभिनंदन करून त्यांना तिकडे पाठवणार. मोठ्या गाडीवाले गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. ते उठून गेले. फाटक शाबूत आहे.

लाँड्रीवाल्या बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे त्यांना कळेना, म्हणून मांडीवरचा पडदा घडी घालत राहिल्या.

सगळे गेल्यावर लेखनिकबाईंकडून प्रवेशाचं रजिस्टर मागून घेतलं. भाचीचं नाव पटावर घालायचं राहिलं होतं. नाव, वय, मावशीचा पत्ता, प्रवेशाची तारीख सोळा सप्टेंबर. शेवटचा रकाना 'शेरा'. तिथे काय लिहायचं असतं हे पाहावं म्हणून जुनं रजिस्टर काढलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं पान सापडायला वेळ लागला. माझ्या नावापुढे मोठ्या बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "खुर्ची. फार बोलतो. बोलू द्यावं."

बराच वेळ ते पान समोर ठेवून बसलो. बोललो नाही.

मग पेन घेतलं आणि भाचीच्या नावापुढे लिहिलं: "खुर्ची. सगळं उघडते. उघडू द्यावं."

सुताराला निरोप धाडला, चौथीत एक खुर्ची कमी आहे, सोमवारपर्यंत करून दे. रंग नको. रजिस्टर कपाटात ठेवून घरी जायला निघालो, तर ऑफिसच्या दाराला आतून मूठ नव्हती. सौ.ने बाहेरून दार उघडेपर्यंत पाऊण तास खिडकीशी बसून राहिलो. तिने विचारलं, "हाक का मारली नाहीत?" म्हटलं, "सुचलं नाही."